मागचा क्रॉस

माझ्या नवऱ्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. ट्रक आमचा स्वतःचा. सहाचाकी, धान आणि तांदूळ वाहणारा. तो उभा ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरते एक ड्रायव्हरकाका ठेवले. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. पंधरा दिवसांनी एका सकाळी त्यांनी गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी आणून लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"बाई, गाडी सुटताना मागून टक करते," ते म्हणाले. "अन् जोरात घेतली का सारी थरथरते. म्या आता नाई चालवत. पहिले मागचा क्रॉस पाहा म्हणा मालकाले."

क्रॉस म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वीस वर्षं त्या गाडीवर घर चाललं. तिच्या केबिनमध्ये मी झाडू मारला होता, सीटची कव्हरं शिवली होती, काचेच्या वर निळी झालर लावली होती. पण गाडीच्या पोटाखाली मी कधी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब, जाड लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. रस्ता खालीवर झाला की चाकं खालीवर होतात, म्हणून शाफ्टलाही वाकायला सांधे लागतात. त्या प्रत्येक सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा असतो. तो क्रॉस.

"मिस्त्रीकडे पाठवू," मी म्हटलं.

"क्रॉस आता दुसऱ्याच्या हातानं टाकतो का मी?" नवरा म्हणाला.

ते खरंच होतं. इंजिन, ब्रेक, बाकी सगळं ते गोंदियाच्या गॅरेजमधून करून घेत. क्रॉस मात्र दोन-तीन वर्षांपासून स्वतः बदलत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. प्रत्येक माणसाचं काहीतरी असतंच, असं समजून सोडून दिलं होतं.

दुपारी मी मशीनवर बसून ब्लाऊजच्या बाह्या जोडत होते. मी शिलाईचं काम करते. खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले. ओळखीची चप्पल. पाय बराच वेळ हलेनात तशी मी धावत गेले. वाकून पाहिलं. एक हात झोळीत बांधलेला, दुसऱ्या हातात पाना, आणि हे उताणे पडलेले.

"बाहेर निघा पहिले."

"निघता येऊन नाई राहिलं," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना कमरेला धरून ओढत बाहेर काढलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. धूळ गेली म्हणाले. मी पदराच्या टोकानं पुसायला गेले तर तोंड फिरवलं. गाडी चालवणारा हा माणूस इतका लहानसा मी आधी कधी पाहिला नव्हता. तो पुन्हा त्या गाडीखाली जाणार हे मला माहीत होतं. मी घरात गेले की लगेच जाणार.

"तुमी बसा खुर्चीवर. सांगा फक्त. मी करतो," मी म्हटलं.

"तुले पाना तरी धरता येते का?"

"तुमाले तरी कुठी येऊन राहिला?"

त्यांनी पाना माझ्यापुढे सरकवला. मी साडी बदलून त्यांचाच जुना शर्ट आणि पँट घातली, केस रुमालात बांधले, खाली दोन पोती अंथरली. समोरच्या घरातल्या बाईनं कुंपणावरून विचारलं, "काऊन वो, ट्रक घेऊन पळून जाऊन राहिली का?" मी हसले आणि गाडीखाली सरकले.

आधी त्यांनी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे गुटके लावायला लावले. शाफ्ट काढला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही, ती नुसती घरंगळते, हे दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "आता खूण कर. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत बसतात, दिसलं का? त्या जोडावर. जसं निघालं तसंच बसलं पाहिजे. छन्नी घे."

उताणं पडून डोक्यावर छन्नी धरून हातोडा मारणं मला जमेना. दोनदा बोटावर बसला. कपडे बदलताना सवयीनं खिशात टाकलेला शिलाईचा खडू होता. जिथे कापड जोडायचं तिथे मी आयुष्यभर त्यानंच खूण केली आहे. दोन्ही तुकड्यांवर मी स्वच्छ पांढरी रेघ ओढली आणि "झालं" म्हणून सांगितलं.

नट गंजले होते. पान्याला पाइप अडकवून, पाय चेसिसला लावून मी ओढत होते. तेव्हाच मला तो पट्टा दिसला. शाफ्टच्या भोवती, मधल्या सांध्याच्या जरा मागे, चेसिसला बांधलेली एक जाड लोखंडी पट्टी. ती एका बाजूला अशी वाकली होती, जशी कुणी आतून जोराची लाथ घातली असावी. तिच्या शेजारी चेसिसवर एक खोल घाव होता आणि त्याच्यावरून काळा रंग मारलेला होता.

"या पट्ट्याले काय झालं?" मी खालून विचारलं.

वरून उत्तर आलं, "जुनं हाय ते. तू नट पाहा."

चार नट निघाले, जोड ओढून सोडवला. दोरानं टांगलेला शाफ्ट हळूहळू पोत्यावर उतरवला आणि दोघांनी मिळून पोत्यासकट बाहेर ओढला. त्यांनी डाव्या हातानं, मी दोन्ही हातांनी. मी तो रॉकेलनं धुतला, दोन विटांवर ठेवला. क्रॉसच्या चारही टोकांवर वाटीसारखे कप बसवलेले असतात आणि त्या कपांत बारीक लोखंडी सुया उभ्या रचलेल्या असतात. त्यांच्यावर क्रॉस फिरतो. पहिला कप ठोकून काढला तर आतून लाल पूडच पडली. सुया झिजून केसाएवढ्या झाल्या होत्या.

"आता कळलं टक कायले करत होती?" ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर होता.

नव्या क्रॉसचे तीन कप बसले. चौथा बसेना. कप जागेवर धरून ठेवणारी वरची कडी आपल्या खाचेत जायलाच तयार नव्हती. थोडंसंच अंतर उरलं होतं.

"मार. अजून मार," ते खुर्चीवरून ओरडले.

मी दोनदा मारला आणि थांबले. "नाई मारत. आत काही अडकून हाय."

"नवीन हाय तो. मार म्हणतो ना!"

मी मारलं नाही. कप परत काढला, करंगळी आत घालून फिरवली. ग्रीसमध्ये एक सुई आडवी होऊन तळाशी पडली होती. बाकीच्या सगळ्या उभ्या. मी ती नखानं उचलली, रांगेत उभी केली, ग्रीसनं चिकटवली. या वेळी कप नीट आत गेला आणि कडी टिच्चकन बसली. ते उठले, आत गेले, आणि डाव्या हातानं करून आणलेला चहा माझ्यापुढे ठेवला. अर्धा बशीत सांडला होता.

संध्याकाळपर्यंत शाफ्ट वर चढवला, नट कसले, ग्रीस मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडी घेऊन गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले.

"टक बंद झालं. पण थरथर वाढली जी. पहिल्यापेक्षा जास्त."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "खूण कशानं केली होती?"

"खडूनं."

"कोणत्या?"

"शिलाईच्या."

शाफ्ट रॉकेलनं धुतला तेव्हाच त्याच्यावरची रेघ गेली होती. शाफ्ट परत चढवताना मला ती आठवलीही नव्हती. अंदाजानं जोड सरकवला होता.

"जीव जाते मानसाचा!" ते इतक्या जोरात ओरडले की काका मान खाली घालून फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. "तुले खेळ वाटते का हा? जीव जाते!"

मी पाना उचलला आणि गाडीखाली गेले. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. माझी चूक होती, पण एका खडूच्या रेघेसाठी एवढं ओरडणं मला समजत नव्हतं. दोन नट काढून झाले तेव्हा बाजूला पोतं सरकल्याचा आवाज आला. हे डाव्या कुशीवर सरकत सरकत आत आले होते. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. आम्ही दोघं गाडीखाली, वर ती वाकलेली पट्टी.

"तुह्या भावाचं लग्न आठवते?" त्यांनी विचारलं.

आठवत होतं. तीन वर्षांपूर्वीचं. अर्जुनी मोरगावला. हे जेवणं उरकल्यावर पोचले होते. फोनवर पंक्चर झालं म्हणाले होते, आणि मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं, "तुमाले माह्या माहेरच्याच कामात पंक्चर होते."

"पंक्चर नाई झालं होतं," ते म्हणाले. "नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलात, मधला क्रॉस तुटला. चालत्या गाडीत. शाफ्ट खाली आला. या पट्ट्यानं धरला म्हणून. नाई तर रोडात रुतला असता अन् गाडी उलटली असती. पुढे एक मोटारसायकल होती. नवरा, बायको, मधात लेकरू. कसंतरी थांबवलं. गाडी त्यांच्यापासून एवढी..." त्यांनी डाव्या हातानं अंतर दाखवायला सुरुवात केली, पण खाली जागा नव्हती. "त्यांनी तर मागे वळूनही नाई पाह्यलं. गेले निघून."

"मंग?"

"मंग काय. अर्धा तास केबिनमधीच बसून राह्यलो. बांधाकडून मच्छी घेऊन येणारा एक मानूस थांबला. त्यानं पाणी देल्लं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

ते त्या पट्टीकडे पाहत म्हणाले, "त्या महिन्यात ग्रीस माराचं राहून गेलं होतं. मीच विसरलो होतो. दुसऱ्या कोणाची चूक असती तर सांगतलं असतं."

त्या लग्नात मी त्यांना वाढलंसुद्धा नव्हतं. वहिनीनं वाढलं. हे खाली मान घालून जेवत होते आणि मला वाटलं होतं, रागावले आहेत. तीन वर्षं ते प्रत्येक क्रॉस स्वतःच्या हातानं बदलत होते आणि मी त्याला त्यांचा हट्ट म्हणत होते. मी हात पुढे केला, पण तो ग्रीसनं काळा झाला होता. त्यांनी तो तसाच धरला.

मग त्यांनी मला दाखवलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन दोन बोटांसारखे काटे असतात. पुढचे आणि मागचे काटे एका ओळीत हवेत. मी जोड सरकवताना ते तिरपे बसले होते, म्हणून फिरताना शाफ्ट धडपडत होता. त्यांनी डाव्या हातात टॉर्च धरला, मी तो दात्यांचा जोड ओढून सोडवला, थोडा फिरवला, परत बसवला. "अजून एक दात," ते म्हणाले. परत काढला, परत बसवला. आता ओळ जुळली. या वेळी छन्नीनं खूण केली. त्यांनी छन्नी धरली आणि मी हातोडा मारला. एकदा त्यांच्या अंगठ्यावर बसला. ओरडले नाहीत.

काका गाडी फिरवून परत आले तेव्हा म्हणाले, "लोण्यासारखी चालून राहिली." त्यांनी मला एकदा नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाईऐवजी मिस्त्रीण म्हणू लागले.

खांदा बरा व्हायला तीनऐवजी पाच महिने लागले. आता हे पुन्हा चालवतात. वाकलेला पट्टा बदलून नवा बसवला आहे. दर महिन्याला ग्रीस मी मारते. क्रॉसवरचा ग्रीस भरायचा एकेक निप्पल मोजून. ते बाजूला उभे राहून मला सूचना देतात, ज्यांची मला आता गरज नसते.

एक गोष्ट मात्र बदलली. ते आता फोनवर खरं सांगतात. हे मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. आधी पंक्चर ऐकून मी चिडत होते आणि पाच मिनिटांत मशीनवर बसत होते. परवा दुपारी बालाघाटच्या रस्त्यावरून फोन आला.

"ब्रेक जरा ढिल्ला लागून राहिला. झाडाखाली उभी केली गाडी. मिस्त्री बोलावला हाय."

मशीनवरून माझा पाय आपोआप उचलला गेला. विचारायचं खूप होतं. उतार होता का, पुढे कोणी होतं का.

"बरं केलं," मी म्हटलं. "जेवले का?"

"नाई अजून."

"मंग जेवून घ्या. मी हाय फोनवर."

ते डबा उघडत असल्याचा आवाज आला. मिस्त्री येईपर्यंत, पाऊण तास, आम्ही दोघं फारसं काही न बोलता फोन धरून बसलो.