पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर एकच होता, पण त्याचे किस्से सगळ्या वर्गांना वाटूनही उरतील एवढे! आम्ही जुने शिक्षक आजही जमलो की चहा यायच्या आत तो विषय निघतोच. मी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यातलं मात्र कुणाला काही आठवत नाही. बरंच झालं म्हणा!

गोष्ट नव्वदच्या दशकातली, वाईजवळच्या गावातली. संस्थेनं सांगलीहून कॉम्प्युटर पाठवला, तोही अट घालून. सहा महिन्यांनी साहेब तपासणीला येणार. मुलं शिकलेली दिसली तर ठीक, नाहीतर मशीन परत सांगलीच्या शाखेत.

*

शिकवणार कोण? "गणित येतं ना, मग हेही येईल!" म्हणत हेडसरांनी मला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला सांगलीत विश्रामबागला धाडलं. येताना तीन फ्लॉपी मिळाल्या. एसटीत धूळ बसेल म्हणून मी त्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातल्या.

पुढं कितीतरी दिवस फ्लॉपी आत सरकवली की खोलीभर लसणीच्या चटणीचा वास! मुलं म्हणायची, "सर, भूक लागली."

*

हेडसरांचा जीव त्या मशीनमध्ये. धूळ बसू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या सत्कारातली शाल त्याच्यावर पांघरली होती.

एकदा स्नेहसंमेलनात पाहुण्यांसाठी एक शाल कमी पडली. शिपाई हळूच म्हणाला, "सर, कॉम्प्युटरची आणू?"

हेडसर उसळले, "पाहुणे दोन तासांनी जातील. त्याला इथंच राहायचंय!"

*

मुलं बावन्न, मशीन एक, त्यात वीज लहरी. तासाला एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक बटण यायचं. मग मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. एकानं त्यावरची बटणं दाबत मोठ्यानं बोलायचं आणि समोरच्यानं पडद्यावर काय आलं असतं ते सांगायचं.

पडदा म्हणजे आठवीतली सुरेखा. गळ्यात पुठ्ठ्याची चौकट अडकवून उभी राहायची. आवाज असा, की उसाच्या फडातून हाक मारली तर नदीपलीकडं ऐकू जावी! लुकलुकणारा कर्सर म्हणून ती एक मूठ सारखी उघडझाप करायची. मशीनला न समजणारा हुकूम कुणी दिला, की खऱ्या मशीनसारखंच ठणकावायची, "बॅड कमांड ऑर फाइल नेम!"

*

पंधरा दिवसांत तिची आई शाळेत हजर.

"आवं गुरुजी, पोरगी लय बिघडली! भांडी घास म्हटलं की म्हनती, ब्याड कमांड!"

"अहो, अभ्यास चाललाय तिचा."

"मग भांडी काय तुमी घासनार व्हय?"

मी खडू उचलला आणि वर्गावर गेलो.

*

तपासणीला साहेब आले. हेडसरांनी शाल काढली, मी बटण दाबलं आणि वीज गेली!

तासभर वाट बघून साहेब उठले. "विजेचाच पत्ता नाही, मशीन ठेवून काय करता? सांगलीला मुलं शिकतील तरी." हेडसरांचा चेहरा बघवत नव्हता. मलाही रडू यायचंच बाकी होतं.

"आमी बी शिकलोय की!" सुरेखा म्हणाली आणि चौकट गळ्यात घालून उभी राहिली. मुलांनी पुठ्ठा साहेबांपुढं सरकवला.

साहेबांनी गंमत म्हणून डी-आय-आर दाबलं. पोरीनं सगळ्या फाइलींची नावं एका दमात म्हणून दाखवली. तारीख विचारली, वेळ विचारली, पठ्ठीनं न अडखळता सांगितली. साहेब हसले.

"हुशार आहेस गं! बरं, आता हे शेवटचं." पुठ्ठ्यावर बोट ठेवत ते सावकाश म्हणाले, "कॉम्प्युटर... सांगलीला... न्या. सांग, काय दिसतंय पडद्यावर?"

सुरेखानं हेडसरांकडं पाहिलं. ते शालीची घडी छातीशी धरून उभे होते.

"बॅड कमांड ऑर फाइल नेम!"

आणि तिची मूठ पुन्हा उघडझाप करायला लागली.