पंच्याहत्तर किलोच्या आत

मिडलवेट गटातल्या बॉक्सिंगची खरी काळजी वाहणारा माणूस आज पृथ्वीच्या पाठीवर एकच उरला आहे, आणि तो नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ते माझ्या साडूंचे वडील. म्हणजे माझे नक्की कोण लागतात, ते मराठी भाषेलाही सांगता येणार नाही. पण माझ्या लग्नानंतर पहिल्याच भेटीत त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "लाइटवेट. पण हाडं मोठी आहेत जावईबापू, वर जाल." माझ्या पत्रिकेत नोकरी, परदेशप्रवास वगैरे बरंच काही लिहिलेलं होतं, त्यातलं काही झालं नाही. हे मात्र झालं. मी तीन गट वर गेलो आणि दर दिवाळीला फराळाचं ताट माझ्यापुढे ठेवताना ते मला त्याची आठवण करून देतात.

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, असं घरचे सांगतात. त्यांना स्वतःला ते मान्य नसावं. मंडईत ते अजूनही तपासणीला आल्यासारखेच शिरतात. गवंडी वापरतात ती बुडबुड्याची छोटी पाणसळ त्यांच्या खिशात कायम असते, आणि "आधी पाणसळ, मग माप" हा त्यांचा मंत्र आहे. काटा तिरका ठेवलेला असला की तो खोटं बोलतो, म्हणून ते आधी भाजीवाल्याच्या काट्याखाली पाणसळ सरकवतात, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत थांबतात आणि मगच बोलायला तोंड उघडतात. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "आजोबा, कोथिंबीर जुडीवर आहे, वजनावर नाही." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "जुडीलाही वजन असतं. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून ती बोलली नाही." त्या दिवशी त्यांच्या घरी कोथिंबीर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

या माणसाचा ठोसाठोशीशी संबंध काय, असं कुणालाही वाटेल. तर तरुणपणी खात्याने त्यांना बॉक्सिंगच्या स्पर्धांत खेळाडूंची वजनं करायला पाठवलं, आणि वजनाच्या काट्यावरून त्यांची नजर जी रिंगकडे गेली ती परत आलीच नाही. त्यातही प्रेम एकाच गटावर. हेवीवेटला ते "नुसतं सामान" म्हणतात. हलक्या गटांत त्यांच्या मते हात दिसत नाहीत, वारा दिसतो. मिडलवेट मात्र पंच्याहत्तर किलोच्या आतला, अक्कल आणि ताकद सारख्या मापात घातलेला माणूस. अमेरिकेतले मोठे सामने आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे बैठक भरते. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या काकूंचे पोहे असतात. सामना चालू असताना "कोण जिंकतंय?" असं विचारणाऱ्याला एकदाच सांगितलं जातं, "कळत नसेल तर पोहे घ्या." त्यानंतर तो माणूस आयुष्यभर पोहेच घेतो. मी त्यातलाच.

अलीकडे या बैठकीवर सुतकाची कळा आली होती, कारण गट साचला होता. हा शब्द त्यांचा. चार संघटना, विजेतेपदाचे चार पट्टे, आणि ज्याच्याकडे पट्टा तो दुसऱ्या पट्टेवाल्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. जे खरे चांगले होते ते कुणी वरच्या गटात गेले, कुणी खालच्या. उरलेले म्हाताऱ्यांशी किंवा नवशिक्यांशी लढून हात वर करून घेतात. "चार मांडव, चार नवरदेव, आणि लग्न एकाचंही नाही," असं म्हणून ते टीव्हीकडे पाठ करत. या अवस्थेबद्दल त्यांनी चारही संघटनांना रीतसर पत्रं पाठवली. वर "विषय : मिडलवेट गटातील साचलेपणाबाबत", खाली "संदर्भ : आमचे यापूर्वीचे पत्र", आणि शेवटी "तरी योग्य ती कार्यवाही करून कळवावे". एका संघटनेच्या यंत्राकडून उत्तर आलं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ते वाचून हे म्हणाले, "मोलाचं आहे, तर किती ग्रॅम ते लिहायला हवं होतं."

आम्ही हसायचो. म्हातारपणी माणसाला काहीतरी धरून बसायला लागतं, यांनी हे धरलं, एवढीच आमची समजूत होती. मग या वर्षी एका रविवारी एक विजेता आणि कुणीतरी फाटका आव्हानवीर पाच फेऱ्या एकमेकांभोवती मंगळागौरीसारखे फिरत राहिले, आणि त्यांनी सामना अर्ध्यावर बंद केला. असं कधी झालं नव्हतं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ते मला म्हणाले, "जावईबापू, गाडी आणली आहेत ना? मला लोणी काळभोरला सोडा. आता हे ओझं घेऊन मरायचं नाही मला."

वाटेत, हडपसरच्या गर्दीत, त्यांनी मला ते ओझं दाखवलं. पन्नास वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या मिडलवेट गटात लोणीचा एक शेतकऱ्याचा पोरगा अंतिम सामन्यात पोचला होता. समोर लष्करातला एक पैलवानी गडी. दोघंही असे, की हा सामना लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले असते. सकाळी वजनं झाली. लोणीचा पोरगा पंच्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम भरला. वेळ संपत आलेली, पळून घाम काढायलाही सवड नव्हती. निरीक्षकसाहेबांनी, म्हणजे यांनीच, "बाद" असा शेरा मारून सही केली. लष्करवाला न लढताच जिंकला, आणि लोणीच्या पोराला बापाने उसात घातला तो कायमचा. दुसऱ्या दिवशी काटा परत न्यायला साहेब गेले, तर माणसं ती खोली धूत होती आणि पाणी सगळं एका कोपऱ्याकडे धावत होतं. जमीन उतरती होती. त्यांनी पाणसळ लावली. बुडबुडा कडेला चिकटला. काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता.

"घाईत पाणसळ लावली नाही मी," ते म्हणाले. "एकदाच. लोकांना वाटतं हा गट आता साचलाय. या गटातली सगळ्यात चांगली लढत मी होऊच दिली नाही हो." त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

लोणीचे बॉक्सर आता सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या मिशांचे, गोठ्याशेजारी बाजेवर बसलेले. त्यांनी साहेबांना लगेच ओळखलं. साहेबांनी चहालाही नकार दिला, उभ्यानेच सगळं सांगितलं आणि हात जोडले. बॉक्सर मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"आवो सायेब, काय घिऊन बसलाय! मला लढायचंच नव्हतं. त्यो मिल्ट्रीवाला पाहिला व्हता का? त्याला मानच नव्हती, खांद्यावर डोस्कं ठिवल्यालं. माझी पाचावर धारण बसली. तांब्याभर पाणी पिऊनच काट्यावर चढलो व्हतो मी."

साहेबांचे हात खाली आले. "तांब्या केवढा?"

"असंल की लिटराचा."

ते मनात हिशेब करू लागले. "तरीही जमत नाही. पाणी धरूनसुद्धा तू खरा चौऱ्याहत्तर किलो नऊशे भरत होतास. तू आतच होतास."

"मग? काटा तसं बोलला असता, तर भाईर जाऊन आनखी एक तांब्या पेलो असतो. हाय काय अन् नाय काय!"

साहेब खाली बसले आणि म्हणाले, "चहा घेतो." दोन कप घेतले. बिस्किटं घेतली, आणि जाताना गोठ्यातल्या म्हशीचा गट कुठला ते ठरवून दिलं. पन्नास वर्षांनी लहान झालेला माणूस मी प्रत्यक्ष पाहिला.

साहेब अजून म्हशीपाशीच होते; मी गाडीत बसल्यावर बॉक्सर माझ्या बाजूला आले. खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "पाव्हणं, यास्नी बोलू नका. दोन दिस पान्याचा थेंब घेतला नव्हता म्या. त्या मिल्ट्रीवाल्याला तिसऱ्या फेरीत बसवला असता." त्यांनी माझ्या दारावर हलकेच मूठ टेकवली. ती मूठ अजूनही मोठी होती. "पर म्हातारं किती वर्सं झोपलं नसंल हो," असं म्हणून ते मागे वळले. साहेब येऊन बसले, तशी मी गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर साहेब अखंड बोलत होते. "भित्रा निघाला हो! पन्नास वर्षं मी ज्याला या गटातला सर्वोत्तम समजत होतो, तो भित्रा!" आता रविवारची बैठक पुन्हा भरते. गट अजून साचलेलाच आहे, पण साहेबांच्या मते तो तसा पहिल्यापासूनच होता, आणि पुराव्यादाखल ते येईल त्याला लोणीच्या भित्र्याची गोष्ट सांगतात. तांब्याशी आले की पोट धरून हसतात. सगळे हसतात. मीही मान डोलावतो आणि मला मनातून फार वाईट वाटतं. ज्या माणसाला लढायला मिळालं नाही, त्याने आपलं शौर्यसुद्धा देऊन टाकलं, आणि आम्ही पोहे खात त्यावर हसतो. कितीदा जिभेच्या टोकावर येतं, पण बोलत नाही.

मागच्या आठवड्यात लोणीहून मला बॉक्सरांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, उसाचं झालं. मग त्यांनी विचारलं, "सायेब झोपत्यात का आता?"

मी म्हणालो, "झोपतात. काकू म्हणतात, चांगले घोरतात."

"मंग बास," ते म्हणाले.