फाटकासमोरचा आरसा

"यात पूरा रोड मावते, पाह्य न!" आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, सुपेला बाजारातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात एक माणूस बायकोला म्हणाला. बोलण्याआधी तो दर वेळी तिच्या मनगटावर बोट टेकवायचा. मग ती त्याच्या ओठांकडे बघायची.

"हिले हॉर्न आयकू येत नाही," त्याने दुकानदाराला सांगितलं. "परवा फाटकातून निघाली, तं स्कूटर साडीले घासून गेली."

क्वार्टरच्या फाटकासमोर लावायला त्याने दोन आरसे बाजूला काढले होते. एक मोठा, जरासा फुगीर. दुसरा लहान, पण वाटीसारखा फुगलेला. त्याला लहान आवडला होता.

"ट्रक बी मुंगीवानी दिसते याच्यात!" तो हसला. तीही हसली. दुकानदार लहान आरसा कागदात गुंडाळायला निघाला.

मी मोपेडच्या आरशासाठी त्यांच्या अगदी मागे थांबले होते. त्या लहान आरशात मात्र मी रस्त्यापलीकडे उभी असल्यासारखी दिसत होते. घराबाहेर मी मराठी बोलत नसे, अनोळखी माणसांशी तर कुठल्याच भाषेत नाही.

"काका, मोठा घ्या," मी म्हणाले. "यात मी किती दूर दिसते, बघा. आणि मी तर इथे, काकूंच्या मागेच आहे."