शाळेची जागा

दुसरीच्या वर्गात छताचं प्लास्टर पडलं तेव्हा मुलं बाहेर ओट्यावर खिचडी खात होती, म्हणून कुणाला लागलं नाही. मी फळा पुसत होते. मागे धप्पकन आवाज झाला आणि वर्ग पांढऱ्या धुळीने भरला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, खिडकीजवळच्या बाकावर लादीएवढा तुकडा पडला होता आणि वर गंजलेल्या सळया उघड्या झाल्या होत्या. त्या बाकावर बसणारी मुलगी हात धुऊन धावत आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, माझं दप्तर." मी तिला आत येऊ दिलं नाही. दप्तर मीच उचलून आणलं. धूळ झटकून तिच्या खांद्यावर अडकवलं.

आमची शाळा पालिकेची, मराठी माध्यमाची, रबाळ्याजवळच्या एका जुन्या गावातली. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला स्टेशन आणि मोठा रस्ता, रस्त्यापलीकडे कंपन्या. शेती होती तेव्हा गावकऱ्यांनी शाळेला जागा दिली होती. पुढे शेतं शहरात गेली, घरांवर मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. आता शाळेत येतात ती या भाडेकरूंची मुलं. कुणाचे वडील कंपनीत, कुणाचे मार्केटला हमाल. बहुतेक साताऱ्याकडची, काही सोलापूरची.

मीही साताऱ्याकडची. गावातल्याच एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही नवराबायको भाड्याने राहतो. घरमालकांना मी काका म्हणते, त्यांच्या बायकोला काकी. शाळेच्या जागेतला मोठा तुकडा काकांच्या वडिलांनी दिलेला. काका देवळाचे विश्वस्त, आणि गावात त्यांचा शब्द चालतो. काकी माझ्या घरी कधी वाटीभर कालवण पाठवायच्या, कधी कोलंबीचं लोणचं. इतकी वर्षं सगळं असं चाललं होतं.

प्लास्टर पडल्यावर पालिकेच्या शिक्षण ऑफिसातून साहेब येऊन पाहून गेले. पावसाळ्याआधी इमारत रिकामी करायची, मुलांना रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत सामावून घ्यायचं, असा त्यांचा विचार होता. त्याआधी पालक, गावकरी आणि शिक्षक यांची सभा घ्या म्हणाले. सभा शाळेच्या मैदानात झाली, संध्याकाळी. खुर्च्यांवर गावकरी बसले. भाडेकरू पालक कुंपणाला टेकून उभे राहिले, रिकाम्या खुर्च्या असूनही.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मोजकंच बोलल्या. "या खोल्यांत पावसाळ्यात मुलं बसवायची जबाबदारी मी घेणार नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि त्या बाकाचं सांगितलं. मुलं इथून हलवा, कुठेही न्या, पण हलवा, असं म्हणाले.

काका उठले. ते माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. "एकदा कुलूप लागलं का ही जागा गेली. आमी जमिनी जाताना बगितल्या हायत. शाला तिकडं नेनार, मग हिकडं काय उभं राहनार ते कोन सांगनार?" लोक हो हो म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. "आनि मॅडम, तुमी आमच्याच घरात राहता नि आमचीच शाला बंद कराला निघाल्या?"

माझा चेहरा तापला. तेवढ्यात कुंपणाकडून एका बाईचा आवाज आला. खिडकीजवळच्या बाकावर बसणाऱ्या मुलीची ती आई. नवरा मार्केटला हमाल, ती स्वतः एका कंपनीत पॅकिंगला.

"तुमची शाळा म्हणताय, मग तुमची पोरं कुठं शिकत्यात? पिवळ्या बसमधनं इंग्लिश शाळेत जात्यात न्हवं? छत पडलं तर आमच्या पोरांच्या डोक्यात पडणार. तुमचं काय जाणार?"

तिने सांगितलं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. मग खुर्च्यांमधून कुणीतरी विचारलं, "कोन हाय ही? कोनाच्या रूमवर राहते?"

त्या प्रश्नाने कुंपणाजवळचे दोन-तीन पालक बाजूला सरकले. ती मात्र जागची हलली नाही. सभा तिथेच मोडली.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. काका जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघायचे. माझी चाहूल लागली की काकी दार ओढून घ्यायच्या. कुणी वाईट बोललं नाही, पाणी तोडलं नाही, काही नाही, पण घरात शिरताना चप्पलसुद्धा आवाज न करता काढावी असं व्हायचं. नवरा म्हणाला, "दुसरी खोली बघूया का? उगाच टेन्शन नको." मी म्हटलं, थांबूया.

मोठ्या बाईंनी ठरवलं की सामावून घ्यायचं म्हणतात ती शाळा आधी चालत जाऊन पाहायची. एका सकाळी शाळेच्याच वेळेला आम्ही निघालो, काही पालक आणि पहिली-दुसरीची मुलं घेऊन. मोठ्या रस्त्यावर पोहोचलो तेव्हा कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली, सगळं एकदम वाहत होतं. सिग्नलला गाड्या थांबल्या, आम्ही निघालो, आणि अर्धी मुलं पलीकडे पोहोचली तोवर गाड्या चालू झाल्या. बाकीची दुभाजकावर अडकली. मोठ्या बाई तिथेच होत्या, दोन मुलांची मनगटं धरून. कंटेनर जवळून गेला तसा त्यांचा पदर फडफडला. डोळे मिटून त्या उभ्या होत्या.

पलीकडची शाळा चांगली होती. रंग नवा, वर्ग मोठे, संडास स्वच्छ. तिथल्या बाईंनी मुलांना बिस्किटं दिली. पण परत येताना पुन्हा त्याच दुभाजकावर थांबावं लागलं. खिडकीजवळच्या मुलीची आई त्या दिवशी सुट्टी टाकून आली होती, ती म्हणाली, "माझी सातची ड्युटी. हिला रोज कोण आणणार?"

शाळेच्या फाटकाशी मोठ्या बाई थांबल्या. मला म्हणाल्या, "तिथे तो रस्ता, इथे हे छत. साहेबांना मुलं हलवायच्या कागदावर माझी सही हवी. करू कशी, सांग ना."

त्याच आठवड्यात ती आई शाळा सुटल्यावर मला भेटली. तिच्या खोलीच्या मालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती. मालक म्हणजे काकांचा चुलतभाऊ. ती रडली नाही. "बाई, दाखला काढून ठेवा पोरीचा," म्हणाली. "दुसरीकडं कुठं मिळती बघतो आमी."

मी दाखला काढला नाही. घरी गेले ती वर न जाता काकांच्याच दारात उभी राहिले. काका टीव्हीवर बातम्या बघत होते. त्यांनी आवाज बंद केला, पण बसा म्हणाले नाहीत.

"काका, त्या बाईला खोली सोडायला सांगितलीय."

"मना काय सांगता? माझी रूम नाय ती."

"तुमच्या भावाची आहे. ती बोलली म्हणून तिचं घर जाणार असेल तर उद्या एकही पालक तोंड उघडणार नाही. गपचूप दाखले काढतील आणि जातील. मग मुलंच उरली नाहीत तर तुम्ही शाळा कुणासाठी अडवून धरणार?"

काकांनी रिमोट दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "तिनं चारचौघांत बोलाला नको होतं."

"मग कुठं बोलायचं होतं?"

आतून काकींचा आवाज आला. "बरोबरच बोलली ती. आपली नातवंडं जातात का शालेत?"

"तू गप ऱ्हा."

"गप कनाला राहू?" काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सासऱ्यांनी जागा दिली ती पोरांसाठी दिली. कोनाची पोरं ते लिवून दिलं नव्हतं."

काकांनी रिमोट टीपॉयवर ठेवला. मला वाटलं, आता जावं. पण पुन्हा इतका धीर होईल असं वाटेना, म्हणून मनात घोळत होतं ते सांगून टाकलं. गावाचा हॉल आहे, देवळाच्या मागे. इमारत पाडून नवी होईपर्यंत शाळा तिथे भरवू. मुलं गावातच राहतील आणि शाळेची जागा रोज तुमच्या नजरेसमोर राहील.

"हॉल लग्नाला जातो."

"शाळेच्या दिवसांत लग्नं किती असतात, काका?"

"साखरपुडं असतात, बारसं असतात," ते म्हणाले, आणि मग टीव्हीचा आवाज पुन्हा चालू करत, "बगतो."

दुसऱ्या दिवशी त्या आईला मालकाने सांगितलं की राहा. का ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

पुढची सभा हॉलमध्ये झाली. साहेब आले होते. या वेळी पालक आत येऊन खुर्च्यांवर बसले. काकांनी उभं राहून सांगितलं, गाव हॉल द्यायला तयार आहे. "पन साहेबांनी आज सगल्यांसमोर सांगावं, त्या जागेवर शालाच होनार. दुसरं काय नाय."

साहेब अवघडले. "असं मी एकटा कसं सांगू? वर प्रस्ताव पाठवतो. निर्णय वरचा."

एकदम गलका झाला. दोन-तीन तरुण उठून दाराकडे गेले. एकाने कडी घातली. साहेबांनी बॅग उचलली. त्यांच्याबरोबरचा शिपाई घाबरून भिंतीला चिकटला. मला वाटलं, आता हात उचलला जाणार.

तेव्हा मोठ्या बाई उठल्या. माझ्या सगळ्या नोकरीत साहेबांपुढे त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी आधी कडी घालणाऱ्या पोराला सांगितलं, "कडी काढ. तुझ्या आईला मी शिकवलंय." कडी निघाली. मग साहेबांना म्हणाल्या, "साहेब, बसा. मुलं पलीकडे पाठवायच्या कागदावर मी सही करणार नाही. याच जागेवर नवी शाळा बांधा, असा प्रस्ताव इथेच लिहू. सगळ्यांना वाचून दाखवू. पालक सह्या करतील, गावकरी करतील, शेवटी मी करीन. तो तुम्ही वर न्या. एवढं तर तुमच्या हातात आहे?"

साहेब बॅग खाली ठेवून बसले. "लिहा," म्हणाले.

लिहितानाही भांडणं झालीच. पालकांना इंग्रजी माध्यम हवं होतं. काका म्हणाले, मराठी शाला हाय, मराठीच राहनार. एका बापाने सरळ सांगितलं, "मग आमी पन कर्ज काढू नि पिवळ्या बसला घालू." शेवटी माध्यम मराठी, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, असं लिहिलं. काकांनी सही केली, पण ते वाक्य वाचताना त्यांचं तोंड कडू झालेलं सगळ्यांनी पाहिलं.

जूनपासून शाळा हॉलमध्ये भरायला लागली. कपाटं आडवी लावून आणि मांडवाची कापडं बांधून आम्ही वर्ग पाडले. माझ्या दुसरीचे पाढे आणि पलीकडच्या तिसरीची कविता एकमेकांत मिसळतात. साखरपुडा असला की अर्धा दिवस सुट्टी देतो. दुसऱ्या दिवशी मुलं कोपऱ्यातल्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या गोळा करत बसतात. जुनी इमारत पाडली त्या दिवशी काका रस्त्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसून होते. काकी त्यांचा डबा तिथेच घेऊन गेल्या. नंतर पत्र्याचं कुंपण आलं, खांबांसाठी खड्डे झाले. काम सुरू होतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. काकांची नातवंडं अजूनही पिवळ्या बसनेच जातात, आणि त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. जिन्यात काका आता थांबतात, शाळेच्या बांधकामावर आज किती माणसं आली ते मला सांगतात.

शाळा समितीवर आता काका आहेत आणि ती मुलीची आईही आहे. परवाच्या बैठकीत नव्या इमारतीच्या फाटकावरून वाजलं. काकांना फाटक देवळाकडे हवं, तिला भाडेकरूंच्या चाळी आहेत त्या गल्लीत.

"पोरं कुठनं येत्यात ते बघा की जरा," ती म्हणाली.

"गावाच्या शालेचं दार गावाकडं तोंड करून असतं," काका म्हणाले.

"आमी काय गावाबाहेर ऱ्हातो व्हय?"

दोघंही खुर्चीवरून उठली होती. नवे मुख्याध्यापक घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, बोलू द्या त्यांना, आणि वर्गाची वेळ झाली म्हणून उठले.