पुढच्या दाराची मावशी

आमच्या नगर कचेरीला दोन दारं होती. पुढचं रुंद, उंच, सागवानी, पितळेच्या मुठींचं. त्याच्यापर्यंत जायला सात दगडी पायऱ्या, आत काळ्या-पांढऱ्या फरशीचं दालन आणि वर काचेचं छत. ज्याने कुणी बांधलं त्याने मन लावून बांधलं होतं. मागचं दार बोळात. कचऱ्याची पिंपं आणि मुतारी यांच्यामधून वाट काढत गेलं की एक अरुंद लोखंडी दार लागायचं. मुळात ते अडगळ बाहेर काढण्यासाठी ठेवलेलं. गावातली माणसं त्या दाराने यायची. पुढचं वर्षातून चार-पाच वेळा, बडे पाहुणे आले की उघडायचं. साहेबांना बाजूने त्यांचा वेगळा जिना होता.

हे असं कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मी जन्म-मृत्यूच्या खिडकीत कारकून होतो आणि सोळा वर्षं बोळातूनच येत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

पुढच्या दाराची किल्ली मावशीकडे असायची. मावशी म्हणजे आमची शिपाईण. सगळी कचेरी तिला मावशीच म्हणायची, साहेबसुद्धा. ठेंगणी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज असा की तळमजल्यावर तिने नंबर पुकारला तर वरच्या मजल्यावरचा माणूस उठून उभा राहायचा. अर्जाचे कोरे नमुने वाटायचे, नंबर द्यायचे, आणि दर सोमवारी पुढच्या दाराचं पितळ घासायचं, ही तिची कामं. अठ्ठावीस वर्षं ती ते पितळ बाहेरून घासत होती आणि घासून झालं की बोळाला वळसा घालून आत येत होती.

असाच एक सोमवार. एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या दोन पुतण्यांनी वेताच्या खुर्चीवर बसवून उचलून आणलं. बाई शाळेत शिक्षिका होत्या. आता पाय गेले होते. निवृत्तिवेतन चालू राहायला हयातीचा दाखला लागतो आणि तो द्यायची खिडकी माझीच. एकाच खिडकीत माणूस जन्माला आला, मेला आणि अजून जिवंत आहे, हे तिन्ही आम्ही लिहून द्यायचो.

खुर्ची मागच्या दारात अडकली. पुतण्यांनी आडवी केली, तिरकी केली, बाईंचा हात दाराच्या चौकटीवर घासला. शेवटी त्यांनी खुर्ची बोळात, पिंपांच्या शेजारी खाली ठेवली. आमचे हेडक्लार्क शाईचा पॅड घेऊन बाहेर गेले.

"बाई, तुम्हाला आत यायची गरजच नाही. अंगठा इथेच घेतो. दोन मिनिटांचं काम."

बाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी पोरांच्या सह्या वळणावर आणल्या आणि तुम्ही माझा अंगठा मागता? सही करीन. टेबलावर करीन. मी जिवंत आहे हे कचऱ्यापाशी बसून सिद्ध करणार नाही."

"मग उद्या बघू."

"उद्या हे दार रुंद होणार आहे का?"

हेडक्लार्कनी पॅडचं झाकण लावलं. मावशी पितळ घासून नुकतीच बोळात आली होती. तिने सगळं ऐकलं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि आल्या वाटेने परत गेली. मिनिटाभरात दालनाच्या बाजूने मोठा करकर आवाज आला. पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी बिजागऱ्यांना तेल घालत. त्या दिवशी कुणी घातलं नव्हतं.

पुतण्यांनी खुर्ची सात पायऱ्या चढवून दालनातून सरळ माझ्या टेबलापाशी आणली. बाईंनी सही केली. अक्षर अजून देखणं होतं. जाताना छताकडे बघत म्हणाल्या, "एवढा उजेड आहे होय इथे?"

दुपारी मावशीला मेमो आला. विनापरवानगी मुख्य प्रवेशद्वार उघडल्याबद्दल खुलासा करावा. तिला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ती माझ्याकडे आली.

"लिहा. दार होतं म्हणून उघडलं. भिंत असती तर उघडली नसती."

"मावशी, जरा नरम लिहू या."

"नरम तुम्ही लिहा, तुम्हाला मेमो येईल तेव्हा."

मी तसंच लिहिलं. तिने खाली सही ठोकली आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला पुन्हा दार उघडलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी किल्ली काढून घेतली आणि दार उघडू नये असा लेखी आदेश काढला.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा, मवाळ माणूस. त्या संध्याकाळी घरी काय झालं ते तिनेच मला सांगितलं. तो म्हणाला होता, "दोन वर्षं राहिलीत तुझी. कशाला विषाची परीक्षा बघतेस?" ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं पितळ घासतेय. ते कुणासाठी घासते ते तरी कळू दे मला." जेवण झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्यापुढे बोलायची सोय नाही." त्यांच्या घरात याला होकार म्हणत.

सकाळी मावशीने आपली खुर्ची उचलली आणि पुढच्या पायऱ्यांवर, बंद दारापाशी नेऊन मांडली. नमुन्यांचा गठ्ठा मांडीवर, नंबरांची पाटी पायाशी. हेडक्लार्क धावत आले.

"हे काय मावशी? तुमची जागा आत आहे."

"आदेशात लिहिलंय, दार उघडू नये. मी कुठे उघडलंय? खुर्ची कुठे ठेवायची ते त्यात नाही. वाचून बघा."

त्यांनी खरंच वर जाऊन वाचून बघितलं. नव्हतं.

आता नमुना आणि नंबर हवा तर पुढे यावं लागायचं. लोक यायचे, नमुना घ्यायचे आणि मुकाट बोळाकडे वळायचे. मावशीचं खरं भांडण साहेबांशी नव्हतंच, ते इथे होतं. एक दूधवाला घरपट्टीला नाव लावायला आला होता. ती म्हणाली, "बस इथे. दार उघडलं की पुढूनच जा."

"नको मावशी. आपलं मागचंच बरं. पुढून जायला कसंतरी होतं."

"कसंतरी म्हणजे कसं?"

"म्हणजे कपडे बघा ना माझे."

"दाराने विचारलं का तुला कपड्यांचं? तुझी म्हैस गोठ्यात पुढून जाते ना?"

आजूबाजूचे हसले. दूधवाला लाजला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर टेकला. पहिल्या दिवशी असे तिघं बसले. चौथ्या दिवशी पायऱ्या निम्म्या भरल्या. आठव्या दिवशी कठड्यावरही माणसं होती. रस्त्याने जाणारे विचारायचे, काय झालं इथे? पायऱ्यांवरचे सांगायचे, काही नाही, दार उघडायची वाट बघतोय. आत आम्ही कारकून रिकाम्या खिडक्यांमध्ये माशा मारत होतो.

नवव्या दिवशी साहेब स्वतः खाली आले. माणूस वाईट नव्हता, तरुण होता, इमारतीचं त्यांना खरंच कौतुक होतं. बाजूच्या जिन्याने उतरून ते पायऱ्यांपाशी आले आणि सगळ्यांदेखत समजावणीच्या सुरात म्हणाले, "मावशी, ती फरशी शंभर वर्षांची आहे. अशी आता मिळत नाही. रोज एवढी माणसं चालली तर झिजून जाईल. ही गावाची शान आहे. ती जपायला नको का?"

मावशी खुर्चीतून उठली. "साहेब, तुम्ही उभे आहात ती पायरी बघा."

साहेबांनी खाली बघितलं. आम्हीही रस्त्याकडच्या खिडकीतून माना काढल्या.

"मध्ये खोलगट झालीय. सातही पायऱ्या झाल्यात. हा काळा दगड आहे, लोणी नाही. वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्यांनी झिजवला का हा? इथून माणसं जात होती, साहेब. रोज जात होती. कुणीतरी मध्येच दार लावलं आणि आम्ही सगळे बोळाला लागलो. शान त्यांनीच आणली होती, चालून चालून."

सगळे आपापल्या पायांखाली बघत होते. एका बाईने पदराने पायरी पुसली आणि खळग्यात हात ठेवला. साहेब "बघतो" म्हणाले आणि गेले. पायऱ्यांवरचं कुणी हललं नाही.

तीन वाजता हेडक्लार्क किल्ली घेऊन आतून आले आणि दार उघडलं. एकच कवाड. प्रायोगिक तत्त्वावर, असं म्हणाले. मावशीने नंबराप्रमाणे पुकारायला सुरुवात केली. पहिला आत गेला तो दूधवालाच. त्याने चपला काढून हातात घेतल्या होत्या. ती ओरडली, "घाल त्या पायात." त्याने दालनाच्या मधोमध उभं राहून घातल्या.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा पायऱ्या चढून कामावर आलो. आत शिरताना नकळत केसांवरून हात फिरवला. जरा लाज वाटली. कशाची ते सांगता येणार नाही.

साहेबांनी मावशीच्या सेवापुस्तकात शेरा मारला, "वर्तणूक उद्धट." तिने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "अक्षर चांगलंय."

महिन्याभरात दुसरं कवाडही उघडलं गेलं, कारण हयातीच्या दाखल्यांचे ऐन गर्दीचे दिवस आले आणि खुर्च्या एकामागून एक यायला लागल्या. पण दालनात बसायला काही नव्हतं. नुसतं मोकळं, चकचकीत दालन. मावशीने सभागृहातले सहा बाक ओढत आणून छताच्या उजेडात मांडले. संध्याकाळी ते कुणीतरी परत नेऊन ठेवले. सकाळी तिने पुन्हा आणले. आता त्याबद्दलचा मेमो तिच्या हातात आहे. माझ्या टेबलापाशी उभी राहून ती म्हणते आहे, "घ्या लिहायला."