एक ओळ मागं राहिलेलं बोट

निवृत्त झालेल्या बाईंना शाळेनं पुन्हा बोलावलं ते नव्या कायद्यापायी. तिसरीच्या मुलाला पान वाचता आलं नाही, तर त्याला वर न ढकलता वर्षभर जास्तीची शिकवणी द्यायची. बाई तपासणीला बसल्या.

शेवटच्या मुलीनं पान घडाघडा म्हटलं. सकाळपासून तेच पान चाललं होतं, दाराबाहेर रांगेत ऐकून पोपटालाही पाठ झालं असतं. पण मुलीचं बोट एक ओळ मागं होतं.

असंच मागं राहिलेलं बोट बाईंनी तीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. ती मुलगी गुणाची, गप्प बसणारी. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि तिला वरच्या वर्गात घातलं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक उघडलं की ते बोट आधी येऊन बसायचं.

मुलीची आई आत आली. बाईंनी ओळखलं, तीच ती.

"बाई, मला पास केलंत, आता लेकीलाही करा," ती हसून म्हणाली.

बाईंनी कागदावर 'वाचता येत नाही' लिहिलं आणि सहीसाठी पुढं सरकवला. आईनं कागद निरखून पाहिला. हसू तसंच.

"झाली ना पास? चष्मा घरी राहिला हो."

चष्मा तिच्या डोक्यावर होता.

बाईंनी तिला शेजारी बसवलं, तिचं बोट धरून कागदावरच्या पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

"वाचता," बाई म्हणाल्या, आणि बोट पुढं सरकेपर्यंत थांबून राहिल्या.