महादेवाच्या साक्षीने मतांची बेरीज

आता तुम्ही चहा घ्या, आणि हसू जरा आवरून ठेवा. चाळीस वर्षे सत्यवचनावर निरूपण करणाऱ्या या म्हाताऱ्याने सत्यवचनानेच आपल्या गल्लीचे पाणी कसे घालवले, ते सांगतो!

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, कलेक्टर नवे. दुष्काळ मात्र जुनाच! आमच्या वॉर्डाला एक बोअर मंजूर झाला होता. तो कुठे पाडायचा, हे निवडून येणारा नगरसेवक ठरवणार होता. देवळापुढे पाडला, तर बायकांच्या घागरी भरणार आणि महादेवाला रोज अभिषेक घडणार.

उमेदवार तिघे. पहिले बाबाराव. त्यांचे स्वतःचे चार टँकर. बोअर ते आपल्याच वखारीत पाडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसरे वकीलसाहेब; बोअर देवळापुढेच, असे तेही म्हणत, आणि त्यांच्यामागे माणसेही होती. आणि तिसरे आमचे गुरुनाथ मास्तर, सोमवारच्या भजनात मृदंग वाजवणारे. त्यांचा पक्ष एवढासा, की सबंध तालुका शाखा एका सायकलवर मावे, आणि कॅरियर रिकामे राही! निशाणी होती शिडी.

"मास्तर देवमाणूस हाय," पानवाला संगप्पा म्हणे, "पर शिडी टेकवायला भिंत न्हाई की ओ!"

सगळे माना डोलवत. स्तुती मास्तरांची, मत दुसऱ्याला, अशी त्या पक्षाबाबत रीतच पडली होती.

मीही बेरीज मांडली. मास्तरांना मत देणे म्हणजे मते फोडणे, आणि मते फुटणे म्हणजे बाबाराव निवडून येणे. तेव्हा मन मास्तरांकडे ठेवावे आणि मत वकिलांना द्यावे! काय पण बुद्धी!

पण लोकांच्या शब्दाचा काय भरवसा? म्हणून सोमवारी, मास्तर प्रचाराला गेलेले पाहून, मी शपथेसाठी पिंडीवरचा बेल उचलला. "मत वकीलसाहेबांनाच!" माझ्यामागून साऱ्या भजनी मंडळाने उचलला. मग मला चेवच चढला. घरोघर जाऊन माणसे आणली. चार दिवसांत देवळामागचे बेलाचे झाड असे बोडके झाले, की दुष्काळालाही लाज वाटावी!

आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना काय व्हावे? वकीलसाहेब बाबारावांच्याच व्यासपीठावर चढले, गळ्यात हार घालून घेतला आणि पाठिंबा देऊन मोकळे झाले! अर्ज मागे घेण्याची मुदत टळलेली. मतपत्रिकेवर त्यांचे नाव तसेच राहिले.

देवळाची झाडलोट करणाऱ्या काशीबाई सारी गल्ली घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"अप्पा, आता काय करून राहिले? बेल वापस घ्या आमचा!"

"काशीबाई, उचललेला बेल परत ठेवता येत नाही."

"मंग पळालेल्या माणसाला मत देऊ?"

"शब्द म्हणजे शब्द!"

"महादेवाला तहान लागली, की त्याला तुमचा शब्द पाजता काय?"

लोक फिदीफिदी हसले. मी मात्र सर्वांना ओट्यावर बसवून तासभर वचनाचा महिमा ऐकवला. शेवटी सगळ्यांनी माना खाली घातल्या. "हाव अप्पा, हाव." माझे तर डोळे पाणावले! केवढी ही श्रद्धा!

मतदानाच्या दिवशी स्नान, पूजा आटोपून, कपाळी भस्म लावून मी गेलो. तुम्ही म्हणाल, अहो, मतपत्रिकेवर शिडी दिसली नाही का? दिसली हो! शिक्का आधी तिच्याकडेच वळला देखील. पण मी वचनाला जागलो.

मतमोजणी झाली. बाबाराव दोनशे बारा. गुरुनाथ मास्तर... दोनशे बारा!

आणि वकीलसाहेब? एक!

वकीलसाहेबच चक्रावले. "मी तर बाबारावांना दिलं. घरच्यांनी बी त्यांनाच दिलं. मंग हे कुणाचं?"

नुसत्या माना वळल्या. सगळ्या माझ्याकडे!

"काशीबाई!" मी कळवळून म्हणालो, "तुम्ही बेल उचलला होता ना?"

"उचलला की. मंग सांजच्याला महादेवाला सांगून आले, अप्पाचं वय झालंय, तू मनावर घिऊ नको."

"आणि बाकीचे?"

"लाइन लागली होती की देवळात!"

मते समसमान, म्हणून चिठ्ठी काढली. निघाली बाबारावांची! मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एकच कमी पडलं, अप्पा," म्हणाले, आणि मनापासून हसले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

बोअर वखारीत पडला. पाणीही लागले, धो धो! आता अभिषेकाची घागर घेऊन रोज सकाळी मी तिथेच जातो. मला पाहताच बाबाराव बाजेवरून उठतात, हात जोडतात आणि भरल्या रांगेदेखत ओरडतात:

"सरका रे, अप्पांना पुढं येऊ द्या! बोअर त्यांच्याच मतावर आलाय!"